नखरेल मांजरीसाठी ड्राय फूड कसं निवडायचं

माझी मांजर ठकी सहा वर्षांची आहे. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, वजन चार किलो. नागपूरला मानेवाडा रोडवर आमचं मेडिकल आहे आणि दुकानाच्या वरच घर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिने दाणे खाणं सोडलं. वाटीपाशी जायची, वास घ्यायची, आणि शी झाकताना मांजर जसं पंजाने खरवडतं तसं वाटीभोवतीची फरशी खरवडून निघून जायची. तीन आठवड्यांत मी तीन कंपन्यांची पाकिटं आणली. दर वेळी पहिल्या दिवशी थोडं खाल्लं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खरवडणं. मधल्या दिवसांत उकडलेल्या चिकनवर तिला कशीबशी सांभाळली.

सासूबाई म्हणाल्या, "काहून खाऊन नाही राहिली? नखरे जास्त झाले तिचे. दूध-पोळी कुस्करून दे, खाईल गपचूप."

मग एका दुपारी मी स्वतः डब्यात नाक घातलं. जुन्या खोबऱ्याच्या वाटीला येतो तसा वास आला. खवट. गुढीपाडव्याच्या सुमारास स्वस्त पडतं म्हणून तीन किलोची पिशवी घेतली होती आणि ती प्लास्टिकच्या डब्यात ओतून मागच्या गॅलरीत, पत्र्याखाली ठेवली होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, आणि पत्र्याखाली तर हात लावू देत नाही. पिशवी फेकून नवीन पाकिटं आणली तीसुद्धा मी त्याच डब्यात, डबा न धुता ओतत गेले. डब्याच्या आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर चिकटलेला होता, तो नव्या दाण्यांनाही लागत होता. "30 अंशांखाली ठेवा" असं लिहिलेली औषधं सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. मांजरीच्या खाण्याबाबत ही काळजी मला सुचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कोणी विचारलं की "आमची मांजर काहीच खात नाही, कोणतं फूड देऊ?" तर मी आधी डबा हुंगायला सांगते. त्यानंतर तोंड बघायला. वरचा ओठ हलकेच उचला. हिरड्या लाल आहेत का, दाढेवर पिवळा-तपकिरी थर आहे का, तोंडाला घाण वास येतो का? अयोध्यानगरमधल्या एका काकूंचा बोका दाणे तोंडात घेऊन खाली टाकायचा, सगळे म्हणायचे लाडावला आहे. त्याची दाढ मोडलेली निघाली. दाढ काढल्यावर तेच जुनं फूड तो आठवडाभरात खायला लागला.

डबा चांगला, तोंड चांगलं, तरी खात नसेल, तर आता निवडीकडे वळू.

मांजर पक्की मांसाहारी आहे, हे शाकाहारी घरात पाळतानाही लक्षात ठेवावं लागतं. गोडाची चव तिला कळतच नाही. गाजराच्या केरोटीनपासून अ जीवनसत्त्व तिला बनवता येत नाही, ते तयार स्वरूपातच मिळावं लागतं. आणि टॉरिन नावाचं अमिनो आम्ल तिच्या जिवाचं आहे. ते पुरेसं मिळालं नाही तर डोळ्यातला पडदा खराब होतो, हे आधीपासून माहीत होतं. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडल्याने मांजरीचं हृदयही फुगून दुबळं होतं. तोवर बाजारातलं तयार कॅट फूड खाणाऱ्या मांजरांनाही हा आजार होत होता. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. टॉरिन असतं ते मांस-मासळीत. दूध-पोळीतून मांजरीची ही गरज भागत नाही, शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. घरात कुत्रा असेल तर त्याचं फूड मांजरीला देऊ नका. ते कुत्र्याच्या गरजेवर बेतलेलं असतं, त्यात टॉरिन घातलेलं असेलच असं नाही आणि प्रथिनंही मांजरीला कमी पडतात.

आता दुकानात उभे आहात असं समजा. पाकिटाची पुढची बाजू बघूच नका. पुढे उडी मारणारी मांजर असते, सालमनचा तुकडा असतो, "ओशन फिश फ्लेवर" असतं. फ्लेवर लिहिल्याने आत मासळी किती आहे ते कळत नाही. पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा, चष्मा लागला तरी लावा.

पहिल्यांदा शोधायचं ते "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" किंवा त्या अर्थाचं वाक्य, आणि ते कोणत्या वयासाठी आहे ते. हे वाक्य नसेल तर ते वरखाऊ, म्हणजे अधूनमधून द्यायचा खाऊ समजा, रोजचं जेवण म्हणून घेऊ नका. पशुखाद्याची मापं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफको या संस्थेनुसार ड्राय फूडमधलं पाणी वजा करून मोठ्या मांजरीला किमान 26 टक्के प्रथिनं लागतात, आणि पिल्लं व गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या मांजरींना 30 टक्के. स्निग्धांश किमान 9 टक्के, टॉरिन 0.1 टक्का. या किमान रेषा आहेत. मी स्वतः ठकीसाठी 34 च्या खालचं घेत नाही.

दुसरी गोष्ट कुठल्याच पाकिटावर ठळक लिहिलेली नसते, ती आपण काढायची: पिठाळ भाग किती. प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख, म्हणजे क्षार, यांची बेरीज शंभरातून वजा करायची. राख लिहिलेली नसेल तर ड्राय फूडसाठी 8 धरा. एका पाकिटावर प्रथिनं 32, स्निग्धांश 12, तंतू 4, पाणी 10 असं आहे. राखेचे 8 धरून बेरीज 66, म्हणजे 34 टक्के भाग मका-तांदूळ-गव्हाचा. दुसऱ्यावर 40, 18, 3, 8. राख धरून 77, म्हणजे पिठाळ भाग 23. हे गणित मी पाकिटावरच पेनाने करते, दुकानदाराला आता सवय झाली आहे. दाण्याला आकार धरायला थोडं पीठ लागतंच, त्यामुळे शून्याच्या मागे लागू नका. पण उंदीर-चिमणी खाणाऱ्या प्राण्याच्या ताटात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पीठ असावं, हे मला पटत नाही.

ओलं फूड आणि कोरडं फूड यांची तुलना करताना पाणी वजा करायला विसरू नका. पाऊचवर 9 टक्के प्रथिनं दिसतात आणि लोक म्हणतात यात काहीच नाही. पण त्यात 80 टक्के पाणी आहे. उरलेल्या 20 भागांत 9, म्हणजे 45 टक्के झाले.

मग घटकांची यादी. शिजवण्याआधीच्या वजनाप्रमाणे जास्त असलेली गोष्ट आधी येते. इथे एक गोम आहे. "ताजं चिकन" पहिलं लिहिलेलं असलं तरी ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते भाजणीत उडून जातं. "चिकन मील" म्हणजे आधीच वाळवून दळलेलं मांस, ते यादीत दुसरं असलं तरी दाण्यात जास्त प्रथिनं त्याचीच असू शकतात. म्हणून मील शब्दाला घाबरू नका, कोणत्या प्राण्याचं आहे ते लिहिलंय का बघा. नुसतं "मीट मील" असेल तर मी पाकीट परत ठेवते. आणि मका, मक्याचं ग्लूटन, तांदूळ, गव्हाचं पीठ असे चार तुकडे वेगवेगळे लिहिले असतील तर ते मनातल्या मनात एकत्र करा. सुटे सुटे ते मागे पडतात, एकत्र केले की बरेचदा पहिल्या नंबरवर येतात.

नागपूरकरांनी आणखी एक शब्द शोधावा: मिक्स्ड टोकोफेरॉल. म्हणजे तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं ई जीवनसत्त्व. चांगलं आहे, मीही असलंच घेते. पण बीएचए-बीएचटी ही तेल टिकवणारी कृत्रिम रसायनं घातलेल्या फूडपेक्षा हे उघडल्यावर लवकर उतरतं, त्यामुळे लहान पाकीट घ्यायचं.

बर्डीपासून मानेवाड्यापर्यंतच्या दुकानांत व्हिस्कास, मीओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना ही नावं साधारण मिळतात. कंपनीवरून निवडू नका, कारण एकाच कंपनीच्या दोन पाकिटांतही प्रथिनांचा फरक मोठा असतो. सुटं फूड, म्हणजे मोठ्या पोत्यातून पारदर्शक पिशवीत बांधून ठेवलेलं, कधीच घेऊ नका. त्यावर बॅच नंबर नसतो, तारीख नसते, पोतं कधी फोडलं ते कोणाला ठाऊक नसतं. औषधाची गोळी अशी कोणी सुटी दिली तर घ्याल का?

तारीख बघताना एक्स्पायरीपेक्षा बनवल्याची तारीख बघा. मी चार-पाच महिन्यांच्या आतलं मागते. आणि पाकीट दुकानात कुठे ठेवलं आहे तेही बघा. काचेतून दुपारचं ऊन पडतं त्या फळीवरचं नको. "भाऊ, आतल्या कार्टनमधलं द्या न" म्हटलं की देतात. उन्हाळ्यात ऑनलाइन मागवत असाल तर पार्सल तापलेल्या गाडीत दिवसभर फिरतं, म्हणून एप्रिल ते जून मी दुकानातूनच घेते.

पैशांचं गणित किलोवर करू नका, दिवसावर करा. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजरीला दिवसाला साधारण 220 किलोकॅलरी पुरतात. 100 ग्रॅममध्ये 380 किलोकॅलरी असलेलं फूड असेल तर 58 ग्रॅम झाले. दीड किलोचं पाकीट 900 रुपयांचं असेल तर ते पंचवीसेक दिवस जातं, रोजचे 35 रुपये. हलक्या फूडमध्ये कॅलरी कमी असल्या तर जास्त घालावं लागतं, मग वाटलेली स्वस्ताई उरत नाही.

इथपर्यंतचं काम आपलं. दोन किंवा तीन पाकिटं या चाळणीतून उरली की पुढचं काम मांजरीचं. लहानात लहान पाकिटं आणा आणि दोन वाट्यांची परीक्षा घ्या. फूड बनवणारेही चव अशीच तपासतात. दोन सारख्या, पसरट ताटल्या घ्या. खोल वाटीत मिशा कडेला लागतात, काही मांजरांना ते आवडत नाही. दोन्हींत 20-20 ग्रॅम मोजून घाला. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, उचला, उरलेलं तोला. दुसऱ्या दिवशी ताटल्यांच्या जागा बदला, कारण काही मांजरं खाणं न बघता नेहमी डावीकडच्याच ताटलीकडे जातात. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो.

हे कमीत कमी चार-पाच दिवस करा. पहिल्या दिवसाच्या निकालावर उड्या मारू नका, मी तीच चूक तीनदा केली. नवीन वासाचं पहिल्या दिवशी बऱ्याच मांजरांना अप्रूप असतं, तिसऱ्या दिवशी ते ओसरतं. ठकीने पहिल्या दिवशी मासळीवालं साफ केलं, 20 पैकी 19 ग्रॅम. चौथ्या दिवशी त्यातलं 6 ग्रॅम खाल्लं, आणि चिकनवालं चौथ्या दिवशीही 15. मी चिकनवालं ठेवलं.

दाण्याचा आकारही महत्त्वाचा ठरतो. दाणा हातात घेऊन बघा. यंत्रातून दाबून, फुगवून बाहेर काढलेल्या या दाण्यावर शेवटी बाहेरून तेल आणि चवीचा लेप फवारतात. वास येतो तो मुख्यतः या लेपाचा, आणि खवट होतो तोही हाच आधी. ठकीला चपटे, मधे भोक नसलेले छोटे दाणे सोपे जातात. मोठे जाड दाणे ती तोंडात उचलून खाली टाकायची, आत तेच चिकन असूनही.

निवडलेलं फूड एकदम बदलू नका. पहिले दोन दिवस जुन्यात चौथा हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण, असं आठ-दहा दिवसांत पूर्ण. जुलाब झाले तर एक पायरी मागे या. मांजर उरलेले जुने दाणे निवडून खात असेल तर दोन्ही मिसळून एका छोट्या डब्यात रात्रभर ठेवा, वास एकमेकांना लागतो.

तरी खळखळ केली तर वास वाढवा. मांजर चवीपेक्षा नाकाने खाते. चमचाभर कोमट पाणी, किंवा चिकन नुसतं पाण्यात उकडलेलं सूप, मीठ-मसाला काही नको. कांदा-लसूण तर मांजरीला विषच आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. सावजी रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी दर वेळी सांगते. आमच्याकडे मिळणारे सुके झिंगे चांगले धुऊन, मीठ घालवून, तव्यावर कोरडे भाजून पूड केली तर चिमूटभर वरून भुरभुरता येते. चिमूटभरच. वरखाऊ सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. ओलं केलेले दाणे उन्हाळ्यात अर्ध्या तासात उचला.

आता साठवण, जिथे मी चुकले. फूड त्याच्या मूळ पिशवीतच ठेवा, हवा काढून तोंड घट्ट दुमडून क्लिप लावा, आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. दाणे डब्यात ओतायचे नाहीत. डबा दर पाकिटाला साबणाने धुवायचा, पूर्ण वाळवायचा. जुन्या पाकिटाचा तळ नव्यात मिसळायचा नाही. उघडल्याची तारीख मार्करने पिशवीवर लिहा. हिवाळ्यात सहा आठवडे, उन्हाळ्यात तीन ते चार. तेवढ्यात संपेल एवढंच पाकीट घ्यायचं, मोठ्या पिशवीवरची सूट खवट दाण्यांत जाते. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत-बाहेर करताना पिशवीत ओल धरते.

जागा मधल्या खोलीतल्या खालच्या फळीवर. कूलर ज्या खोलीत चालतो तिथे मात्र नको. कूलरची हवा ओली असते, एका रात्रीत दाणे मऊ पडतात आणि मांजर मऊ पडलेल्या दाण्याला तोंड लावत नाही. दाणा बोटात दाबून बघा, कुरकुरीत तुटला पाहिजे. आम्ही मे महिन्यात रात्री वाटी भरून ठेवत नाही, सकाळ-संध्याकाळ आणि झोपताना असं तीनदा थोडं थोडं देतो.

मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या पसरट थाळीत ठेवा. मुंग्यांचा खडू वाटीभोवती ओढू नका. त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं, ते मांजरीच्या पंजाला लागतं, आणि पंजा ती चाटते.

कोरड्या फूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, उंदरात सत्तर. हा फरक कुठून तरी भरून निघायला हवा. पाण्याची वाटी खाण्यापासून आणि शीच्या ट्रेपासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवा. ठकी मातीच्या पसरट परळातलं पाणी स्टीलच्या वाटीतल्यापेक्षा जास्त पिते, म्हणून मी उन्हाळ्यात दोन परळं ठेवते. दिवसातून एकदा ओलं फूड दिलं तर आणखी चांगलं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या. लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आणि ज्यांना वाटतं की उपाशी ठेवलं की येईल वळणावर, त्यांना हात जोडून सांगते, मांजरीच्या बाबतीत हे करू नका. कुत्र्याचं शरीर एक-दोन दिवसांचा उपास सोसतं. मांजर, विशेषतः जाड मांजर, दोन-तीन दिवस खात नसेल तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत बसतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा चार दिवस नेहमीच्या निम्म्याहून कमी खाल्लं, तर फूड बदलत बसू नका. जवळचा जनावरांचा डॉक्टर गाठा, किंवा सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. जाताना पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, उघडल्याची तारीख आणि रोज किती ग्रॅम खाल्लं त्याची चिठ्ठी सोबत ठेवा. "खातच नाही" एवढ्यावर डॉक्टरांना फारसं कळत नाही. "सोमवारी 40, मंगळवारी 22, काल 5, पाणी नेहमीसारखं" असं सांगितलं की त्यांना लगेच अंदाज येतो.